आईच्या नावाला जागा

(खांदा कॉलनीतलं एक घर, दुपार. वल्लरी लॅपटॉपसमोर, फोन स्पीकरवर. पलीकडे तिचे टीम लीड उदयसिंह, ऑफिसातून. आतल्या खोलीत मुलगी, रेवा, झोपलेली. वल्लरी स्क्रीनवरचा रिपोर्ट वाचतेय. मग वॉशिंग मशीन धुणं संपल्याची धून वाजवतं.)

उदयसिंह: हे काय वाजतंय?

वल्लरी: मशीन. कपडे धुऊन झाले की गाणं म्हणतं.

उदयसिंह: बरं. मला वाटलं फोन कट झाला. मग? मंजूर कर आणि मोकळी हो. पाच वाजता हॉस्पिटलवाल्यांची मीटिंग आहे, त्याआधी रिपोर्ट जायला हवा.

वल्लरी: सर, कपडे धुणाऱ्या मशीनला कळतं की काम झालं, आता आवाज करायचा. आणि आपली ती बाळांना ऊब देणारी पेटी. बाळ आत गार पडत गेलं, तिला साधं टुक म्हणता आलं नाही.

उदयसिंह: पुन्हा तेच. बाळ सुखरूप आहे, वल्लरी.

वल्लरी: आहे. सिस्टरने त्याच्या पायाला हात लावून बघितला म्हणून आहे. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये दोषी कोण, तर तीच सिस्टर. वाचून दाखवू? 'मूळ कारण: वापरकर्त्याने प्रमाणाबाहेर लांब नाव भरले. उपाय: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. नावे इंग्रजीत व थोडक्यात भरावीत.'

उदयसिंह: त्यात कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

वल्लरी: त्या दिवशी नवजात बाळांच्या वॉर्डात एकच सिस्टर होती. चंद्रावती. नाव घ्यायची गरजच काय?

उदयसिंह: पण नाव लांब होतं, हे तर खरं ना?

वल्लरी: 'विनिता हरेश म्हात्रे, कोन, यांचे बाळ.' एवढंच होतं. ह्यात प्रमाणाबाहेर काय आहे ते मला सांगा. बाळाचं बारसं व्हायचंय, त्याला स्वतःचं नाव नाही. तोवर ते आईच्याच नावावर असणार. आणि शेजारच्या पेटीत कोण होतं माहितीये? 'विनिता हरेश म्हात्रे, जासई, यांचे बाळ.'

उदयसिंह: दोघी एकाच नावाच्या?

वल्लरी: स्वतःचं नाव एक, नवऱ्याचं एक, आडनाव एक. आमच्या इकडे अख्खी गावं म्हात्र्यांची आहेत, सर. अदलाबदल होऊ नये म्हणून तिने पुढे गाव लिहिलं. डोकं चालवलं बाईने, त्याची ही शिक्षा.

उदयसिंह: मग इंग्रजीत लिहायचं होतं. इंग्रजीत हेच नाव आरामात बसलं असतं.

वल्लरी: आपलं माहितीपत्रक काय म्हणतं? 'आता मराठीतही. आईला वाचता येईल अशा भाषेत.' खाली हसऱ्या बाईचा फोटो. दिवाळीत आपणच छापून घरोघर, म्हणजे दवाखान्यादवाखान्यात वाटलं. या म्हणून बोलावलं, आणि ती आली तर म्हणायचं, तू लांबच फार.

उदयसिंह: मार्केटिंगचं मला सांगू नकोस.

वल्लरी: मग कोडचं सांगते. इंग्रजी अक्षराला मेमरीत एक घर लागतं. मराठी अक्षराला तीन. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाची आणखी तीन. हे काही गुपित नाही, कॉलेजातल्या पोरांनाही ठाऊक असतं. आपण भाषा वाढवली आणि जागा इंग्रजीचीच ठेवली. टेस्टिंगला मराठी नाव कुठलं घातलं होतं आपण?

उदयसिंह: आता ते कुठे आठवतंय.

वल्लरी: मी आज उघडून बघितलं. 'उमा.' ना नवरा, ना आडनाव, ना गाव. अशी बाई आपल्याकडे कुठल्या दवाखान्यात बाळंत होते?

उदयसिंह: हसवू नकोस.

वल्लरी: मी हसत नाहीये.

उदयसिंह: बरं.

वल्लरी: तिथे एसप्रिंटएफ नावाचं फंक्शन वापरलंय. त्याला नुसतं सांगायचं, हे शब्द जोड आणि त्या भांड्यात ओत. भांडं केवढं आहे ते त्याला माहीत नसतं. ते विचारत नाही आणि आपण सांगत नाही. काठोकाठ भरलं तरी ओततच राहतं. आणि त्या भांड्याच्या शेजारी काय ठेवलं होतं आपण?

उदयसिंह: माहितीये मला.

वल्लरी: मग बोला ना.

उदयसिंह: अलार्मची खालची मर्यादा.

वल्लरी: बाळाचं अंग किती गार पडलं की ओरडायचं, तो आकडा. त्याच्यावर नाव सांडलं. तिथे सांडलेली अक्षरं मी आकडा म्हणून वाचून पाहिली. शून्याच्या कितीतरी खाली. म्हणजे लाइट जाऊन आली, हीटर परत लागला नाही, आणि पेटी शांतपणे वाट बघत बसली. बाळाचा बर्फ होण्याची.

उदयसिंह: असं बोलू नकोस गं. मलाही पोरं आहेत.

वल्लरी: म्हणून तर तुमच्याशी बोलतेय. नुसतं नामंजूर करून फोन बंद केला असता.

उदयसिंह: तू काय समजतेस, मला काही वाटत नाही?

वल्लरी: हे काम माझ्याकडे आलं तेव्हा पहिलाच बदल मी हा पाठवला होता. सगळीकडचं एसप्रिंटएफ काढून एसएनप्रिंटएफ. त्याला भांड्याचं माप आधी द्यावं लागतं, त्याच्यापुढे ते थेंबभरही ओतत नाही. तुम्ही परत पाठवलात. शेरा काय होता? 'चालत्या गाडीची चाकं काढू नयेत.'

उदयसिंह: कारण हे बाळांचं उपकरण आहे, पिझ्झा मागवायचं ॲप नाही. एक ओळ बदलली की सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. लॅब, कागद, सर्टिफिकेट. मी आळस केला असं वाटतं तुला?

वल्लरी: आळस नाही. धास्ती. मी समजू शकते. पण मराठी घालताना त्याच चाचण्या पहिल्यापासून झाल्या ना? तेव्हा का नाही घेतला माझा बदल?

उदयसिंह: तेव्हा घाई होती. दिवाळी होती.

वल्लरी: आणि आपला कोड तपासून घेणारा कंपायलर? तो तर दर वेळी सांगत होता, इथून सांडू शकतं म्हणून. आपण इशारेच बंद करून टाकले. का, तर स्क्रीन भरून जाते.

उदयसिंह: ठीक आहे. ऐक माझं. तुझं एसएनप्रिंटएफ पुढच्या व्हर्जनमध्ये घालू. शब्द देतो. जास्तीचं नाव कापलं जाईल, काही सांडणार नाही, विषय संपला. रिपोर्ट तेवढा असाच जाऊ दे.

वल्लरी: कापलं की विषय संपतो? काय कापलं जाईल, सांगा बरं. शेवटचं. शेवटी काय आहे? कोन आणि जासई. मग दोन पेट्यांवर एकच नाव. कुठलं बाळ कुठल्या विनिताच्या ओटीत घालायचं?

उदयसिंह: मग तुझ्या त्या सुरक्षित फंक्शनचा उपयोग काय?

वल्लरी: ते कापतं, पण कापून गप्प बसत नाही. परत येताना सांगतं, मला खरं म्हणजे एवढी जागा हवी होती. तो आकडा आपल्या जागेपेक्षा मोठा आला की ओळखायचं, काहीतरी बाहेर राहिलं. मग स्क्रीनवर लाल अक्षरात लिहायचं, नाव मावलं नाही. मी तसंच लिहिलं होतं. पण तो आकडा कोणीतरी हातात घेतला पाहिजे ना. आपल्याकडे घेतच नाहीत. ते बिचारं सांगतंय, आणि आपण पुढच्या ओळीवर.

उदयसिंह: हे फंक्शनबद्दल चाललंय, की आपल्या सोमवारच्या मीटिंगबद्दल?

वल्लरी: फंक्शनबद्दल, सर. मीटिंगमध्ये मला मध्ये तोडता त्याची सवय झालीये. थांबा, दुसरा फोन येतोय. चंद्रावती सिस्टरचाच आहे.

उदयसिंह: तिच्याकडे तुझा नंबर कसा?

वल्लरी: पेट्या बसवल्या तेव्हा शिकवायला मीच गेले होते. अडलं तर फोन करा म्हटलं होतं. आता अडलंय तिचं.

उदयसिंह: काही कबूल करू नकोस. कंपनीच्या वतीने तर मुळीच नाही.

वल्लरी: तुम्हाला होल्डवर ठेवते. हॅलो, सिस्टर?

चंद्रावती: वल्लरी मॅडम, मी चंद्रावती बोलते. कामात हाय का तुमी?

वल्लरी: बोला ना.

चंद्रावती: मेट्रननी घरी बसवलंय मला. बोलल्या, कंपनीचा रिपोर्ट येऊ दे, मंग तुझं बघू. काय येनार हाय रिपोर्टात? खरं सांगा. गोड नको बोलू.

वल्लरी: बाळ कसं आहे?

चंद्रावती: मस्त हाय. आमच्या कोनचंच ना ते, घरासमोरून जातात त्यांची मानसं. दूध पितंय, घर डोक्यावर घेतंय. त्या दिवशी पाय लागले हाताला, असे थंडगार, बोंबलासारखे. तसंच उचललं आनि आईच्या छातीवर टाकलं, वरून चादर, वरून माजा स्वेटर. ती पोर मला बोलते, सिस्टर, बारशाला नाव तुमीच ठेवा. आनि इकडं मला सांगतात, तू नाव लांब लिवलंस म्हनून मशीन बिगडली.

वल्लरी: असं म्हणाले?

चंद्रावती: तोंडावर. मला एक सांगा मॅडम. मशीननी नाव मागितलं. मी दिलं. तिनी घेतलं. जास्ती झालं तं नाय बोलायचं ना तिनी? एटीएमला पिन चुकला तं लगेच टीं टीं करतो. ही बया मुकाट गिळून बसली, आनि आता माज्या नावानं बोटं मोडतात.

वल्लरी: बोलायला हवं होतं तिने. नावाला जागा कमी ठेवली होती, सिस्टर. मावलं नाही ते बाजूला सांडलं. बाजूला अलार्म होता.

चंद्रावती: कोनी ठेवली कमी?

वल्लरी: आम्ही.

चंद्रावती: मंग माजी चूक नाय.

वल्लरी: नाही.

चंद्रावती: हे लिवून द्याल?

वल्लरी: सिस्टर, मी...

चंद्रावती: मला म्हाईत हाय, बोलनं येगलं, लिवनं येगलं. तुमची पन नोकरी हाय. पोर हाय. मी काय जबरदस्ती नाय करत.

वल्लरी: लिहून देते.

चंद्रावती: बघा. मागनं मला शिव्या नको. पोरगी कशी हाय? तुमी बोलला होता, ती पन पेटीत होती.

वल्लरी: होती. आता बघाल तर ओळखणार नाही. झोपलीये.

चंद्रावती: झोपू द्या. मी ठेवते. आनि हां, एक राहिलं. ती जासईवाली विनिता. तिचं बाळ अजून त्या दुसऱ्या पेटीत हाय. मी तं घरी. तिथं नवीन पोरगी लावलीय ड्यूटीला, स्क्रीनकडं बघत बसते नुसती. तिला कुनी सांगाल का, मधून मधून हात लावून बघत जा म्हनून?

वल्लरी: अजून त्याच पेटीत आहे? नाव तेच?

चंद्रावती: मीच लिवलेलं. तुमच्या मानसांनी एक पेटी नेली, एक चालू हाय बोलले.

वल्लरी: सिस्टर, ऐका. हा फोन ठेवा आणि वॉर्डात लावा. त्या मुलीला म्हणावं, बाळाला आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. दुसरी रिकामी पेटी असेल तर त्यात, नाहीतर आईच्या छातीवर. ती पेटी बंद करून प्लग काढून ठेव. मेट्रनने विचारलं तर माझं नाव सांगा.

चंद्रावती: कंपनीचं का तुमचं?

वल्लरी: माझं. वल्लरी वरद गोगटे, खांदा कॉलनी.

चंद्रावती: लांब हाय. पन सांगते बरोबर. ठेवते.

वल्लरी: सर, आहात का?

उदयसिंह: आहे. काय म्हणाली? काही बोलली नाहीस ना तू?

वल्लरी: दुसरी पेटी चालू आहे. जासईचं बाळ आत्ता, आपण इथे बोलतोय तेव्हा, आत आहे. तेच नाव, तोच मेलेला अलार्म.

उदयसिंह: त्या पेटीची तक्रार आली नव्हती.

वल्लरी: कशी येणार? तक्रार करायचा भागच बंद पडलाय ना.

उदयसिंह: मला तसं नाही...

वल्लरी: बाळ बाहेर काढायला सांगितलंय मी. पण बाकीच्या दवाखान्यांचं काय? जिथे जिथे मराठी चालू केलंय, तिथे तिथे प्रत्येक पेटीत हेच असणार. आपण 'प्रशिक्षण द्यावे' म्हणून कळवलं की ते फायलीला लावतील. पेटी कोणी बंद करणार नाही. ह्या रिपोर्टने एका बाईची नोकरी जाते, एवढंच नाहीये, सर. हा रिपोर्ट खोटा राहिला तर पुढचं बाळ वाचवायला चंद्रावती नसेल तिथे.

उदयसिंह: काय लिहिलंयस तू?

वल्लरी: नामंजूर. आणि खाली, 'मूळ कारण: आईच्या नावाला आम्ही जागा कमी ठेवली. सिस्टरने नाव बरोबर भरले, आणि बाळ त्यांनीच वाचवले. सर्व पेट्यांतील मराठी नावे आजच काढून पेट्या बंद करून पुन्हा सुरू कराव्यात. दुरुस्ती तयार आहे.' हॉस्पिटललाही प्रत जाईल. पाठवायचं तेवढं बाकी आहे.

उदयसिंह: 'आम्ही' कशाला? 'जागा कमी ठेवली गेली' असं लिही ना. अर्थ तोच.

वल्लरी: गेली म्हणजे कशी गेली? चालत?

उदयसिंह: वल्लरी, तुला घरून काम मिळावं म्हणून मी वरच्यांशी भांडलोय. मुलगी लहान आहे, नाजूक आहे, सगळं सांगितलं. हे असं गेलं तर उद्या ते म्हणतील, रोज तळोज्याला ऑफिसात या, सकाळी नऊला. मी काही करू शकणार नाही. मग पोरीचं काय करशील?

वल्लरी: तुमचे ते उपकार मी विसरलेली नाही. पण ते आत्ताच का काढलेत, हे तुम्हालाही कळतंय आणि मलाही.

उदयसिंह: धमकी नाही देत मी.

वल्लरी: मग काय देताय?

उदयसिंह: हे बघ. मी चहाला चाललोय. तू मला काही वाचून दाखवलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. येईन तेव्हा बघेन काय झालंय ते.

वल्लरी: हे पण इशारे बंद केल्यासारखंच झालं, सर.

उदयसिंह: असेल. तुझा आवाज तुटतोय, रेंज नाहीये इथे.

वल्लरी: ऑफिसात रेंज नाही? सर? सर. गेले चहाला.

रेवा: आई, तू कोणाला ओरडतेस?

वल्लरी: उठलीस? ये इकडे. गालावर उशीची नक्षी उमटलीये बघ. ओरडत नव्हते गं, मोठ्याने सांगत होते.

रेवा: मी मोठ्याने सांगितलं की तू म्हणतेस ओरडू नको.

वल्लरी: म्हणते खरी. आता नाही म्हणणार. बस मांडीवर. हलू नकोस, एक बटण दाबायचंय.

रेवा: मी दाबू?

वल्लरी: नको. हे मलाच दाबू दे.

रेवा: दाब ना मग.

वल्लरी: दाबते. हं. गेलं.

रेवा: कुठे गेलं ते?

वल्लरी: सगळ्यांकडे. एका बाळाच्या पेटीवर नाव लिहायला जागा पुरली नाही, तर एका मावशीला उगाच बोलणी बसली. मी सांगितलं, मावशीचं काही चुकलं नाही.

रेवा: आता तुला बोलणी बसतील?

वल्लरी: बसतील थोडी. थांब हं, फोन वाजला. तिचाच मेसेज आहे. 'जासईचं बाळ आईपाशी दिलं. पाय गरम हाय.'

रेवा: रडतेस का?

वल्लरी: नाही. बाळाचे पाय गरम आहेत म्हणे.

रेवा: त्याचं नाव काय?

वल्लरी: ठेवायचंय अजून. तोवर पेटीवर आईचं नाव लिहितात.

रेवा: मी पण पेटीत होते ना.

वल्लरी: होतीस. एवढीशी. बाबाचा तळहात तुला मोठा व्हायचा.

रेवा: माझ्या पेटीवर तुझं नाव होतं?

वल्लरी: माझं. 'बेबी ऑफ वल्लरी वरद गोगटे.' मी काचेला नाक लावून उभी असायचे आणि तेच वाचत राहायचे. दुसरं काही करताच येत नव्हतं.

रेवा: पूर्ण मावलेलं?

वल्लरी: पूर्ण मावलेलं.

रेवा: ती पेटी तुझ्या ऑफिसची होती?

वल्लरी: नाही गं. तेव्हा मी मोबाइलच्या कंपनीत होते, पेटीच्या आतलं, तिने कधी ओरडायचं ते, लिहायला नंतर लागले. ती पेटी दुसऱ्याच कोणाची तरी होती.

रेवा: मग माझ्या पेटीच्या आतलं कोणी लिहिलं होतं, आई?